बांधाला नांगर येत नाही

माय, शेळीची धार काढून झाल्यावर तू अंगणात सडा टाकलास, चूल पेटवलीस, दोन भाकरी थापल्यास. मग वाटीभर दूध पदराखाली झाकून बांधाकडं गेलीस. मी ओसरीवर खाटेला टेकून बघत होते. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली, आणि कुशीत कोणी नाही. तू परत आलीस तेव्हा वाटी रिकामी होती. मी विचारलं, "त्याला कुठं ठेवलं?" तू चुलीत लाकूड सारलंस. "बांधाला. तिथं नांगर येत न्हाई," म्हणालीस. "आता जल्दी भाकर खा, गार व्हायली."

त्यानंतर तू देवाघरी जाईपर्यंत आपण त्याच्याबद्दल बोललो नाही. नेमकी जागा तू दाखवली नाहीस, मीही विचारली नाही. जनावरांनी उकरू नये म्हणून तू बाभळीच्या काट्या टाकल्या असशील, त्याही केव्हाच कुजून गेल्या असतील. माझे मालक गेल्यावर मी तुझ्या या घरात राहायला आले ते शेत बघायला, असं लोकांना सांगते.

तू गेल्यावर झालेली तुझी नात, माझी लेक, पुण्यात नोकरी करते. युरोपातली एक कंपनी घरोघर इंटरनेटची काचेची तार नेते, तिचा हिशेब ही पुण्यात बसून बघते. मी ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून शहाणी झाले, तरी हे मला लवकर कळेना. तिनं फोनवर समजावलं. तिकडं कंपन्या आधी कर्ज काढतात, गल्ल्या खोदतात, प्रत्येक दारावरून तार नेतात. मग लोक घरात घेतील म्हणून वाट बघत बसतात. दारावरून तार गेलेली घरं वेगळी मोजायची आणि जोडलेली घरं वेगळी. जुनी तांब्याची तार चालतेय की, म्हणून पुष्कळ लोक नवी घेतच नाहीत. मी म्हणाले, "शहाणे हायेत." ती हसली. "आई, तिकडं व्याज वाढून राह्यलंय. लहान कंपन्या मोठ्यांच्या घशात चालल्यात. लोक शहाणे राहिले तर माझी नोकरी जाईल." खर्च कमी करायचा म्हणून तिचं ऑफिसही बंद होतंय. सगळ्यांनी घरून काम करायचं. पुण्यात खोलीचं भाडं भरण्यापेक्षा माझ्याकडं येते म्हणाली, पण तार पाहिजे. मोबाइलच्या रेंजवर तिचं काम होत नाही.

तार परतूरकडून आपल्या गावापर्यंत आलीच होती. गेल्या आठवड्यात रस्त्यापासून घरापर्यंत चर खोदायला माणसं आली. त्यांचा मुकादम पोटानं मोठा आणि तोंडानं गोड. त्यानं सगळं शेत नजरेनं मोजलं आणि म्हणाला, "मावशी, बांधाच्या कडंनं सरळ आणतो. तिथं नांगर येत न्हाई, तार बिलकुल सेफ."

माय, तुझंच वाक्य. मी म्हणाले, "बांधाला टिकाव लावायचा न्हाई."

"काय पुरलंय काय मावशी? सोनं निघालं तर निम्मं निम्मं करू."

बाकीचे हसले. मी हसले नाही, तसा त्यानं कपाशीकडं हात केला. मग म्हणाला, "दुसरी वाट कपाशीतून हाय. पण मंग तेवढी पट्टी कायमची पडीक ठेवा लागंल, न्हाईतर पहिल्याच नांगरटीला तार तुटंल. आणि कपाशी तर फुटायला आलीय. बघा, उद्या सांगा. परवा आम्ही दुसऱ्या गावाला."

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तिला बांध अडवल्याचं सांगितलं. तिला भाऊ होता हे तिला माहीत नव्हतं. "आई, मातीच्या एका ढिगाऱ्यासाठी अडून बसलीस? मी येऊ नको का?" मी म्हणाले, "ये." आणि फोन ठेवला. तूसुद्धा अशीच एकदोन शब्दांत आटपायचीस. तेव्हा मला तुझा राग यायचा. आता वाटतं, तुझ्याही तोंडाशी यायचं असेल आणि परत जायचं असेल. रोज माझ्या खाटेजवळून तू ती वाटी नेलीस. आपल्या दोघींत तार दारावरूनच गेली, माय. आत कोणी घेतली नाही.

हे पत्र कुठं धाडणार, आणि तुला वाचता तरी कुठं येत होतं. एक कबूल करते. तो बांधावर कुठं आहे ते मला अजूनही माहीत नाही. म्हणून मी सगळाच बांध अडवला.

उभ्या पिकाला हात लावला की तू रागवायचीस. दुसऱ्या दिवशी मुकादम यायच्या आत मी रस्त्यापासून घरापर्यंत कपाशीची एक ओळ माझ्या हातानं उपटली. मग लेकीला फोन लावला आणि तिला भाऊ होता, हे सांगितलं.