गिटारचं वय

दि. ६ मार्च

ती. ताईस,
खटपट्याचा सा. नमस्कार.

टेम्पोवाल्याच्या हाती सामान पाठवलं आहे. त्यात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: प्लायवूडचं एक बसकं खोकं, खोक्यात बसवलेला अँप्लिफायर, त्याचा ट्रान्सफॉर्मरही मीच गुंडाळलेला, दोन्ही टोकांना पिना लावलेली केबल, आणि गिटारच्या तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, घासून घासून नखाएवढी केलेली. गिटारची जानेवारीत केलेली किरकोळ डागडुजी मी मोजत नाही. गिटार तेवढी माझी नाही. जुन्या वाद्यांच्या दुकानात ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षा झाल्यासारखी.

मोटार वाइंडिंग करणाऱ्यानं गिटारच्या वाटेला का जावं, असं तू विचारशीलच. कान मंदावले तशी भाऊजींनी आपली गिटार शिकायला येणाऱ्या मुलाला देऊन टाकली, आणि तू लिहिलंस की घरात दोन माणसं आहेत पण आवाज एकाचाच. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ह्या गिटारीत तारांखाली पिकअप आहे. तो तारांची थरथर पकडतो आणि केबलमधून खोक्याकडे पाठवतो. भाऊजींनी खोक्यावर अनवाणी पाय ठेवून वाजवायचं. कानाला नाही कळलं तर तळपायाला कळेल. मोटार बरी चालते की नाही हे मीसुद्धा निम्मं हातानंच ओळखतो.

आणखी एक. ही गिटार चाळीस वर्षांची आहे. व्हॉल्यूम कंट्रोलच्या बुडावर बनवल्याचं साल असतं. आत आरसा धरून मी ते परवा वाचलं. जुन्या गिटारीला मोल असतं, आणि वाद्यवाल्याला पत्ताच नव्हता. मी सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

लोभ आहेच. सामान पोचल्याचं कळवलंस तर वाढेल.

तुझा धाकटा भाऊ

दि. १४ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सामान धड पोचलं. पुढचं मात्र धड नाही. ह्यांनी पिशवीची चेन अर्धी उघडली, आत पाहिलं आणि पुन्हा लावली. बहिऱ्याला आरसा द्यावा आणि आंधळ्याला गिटार, उलटं नको, एवढंच बोलले. आता ती बेडरूमच्या दाराआड उभी आहे आणि तिच्या मानेवर ह्यांचा शर्ट लटकतो.

मी जरा रेटून बोलले तर कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. हल्ली भांडण असंच संपतं. सरळ भांडायचीही सोय राहिली नाही बघ. शेजारी आले की हे आतल्या खोलीत जातात. चहा हवा का विचारलं तर नुसती मान. काल मी दिवसभर स्वतःशीच बोलत होते, ते संध्याकाळी लक्षात आलं. गिटारीचं जाऊ दे रे, मला ह्या माणसाची भीती वाटायला लागली आहे. असाच मिटत गेला तर मी कुठून उघडू?

सामान परत पाठवू का? तुझे कष्ट दाराआड नकोत.

उशीर केलास तरी माया आटणार नाही, पण उशीर करू नकोस.

तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
सा. नमस्कार.

परत मुळीच पाठवू नकोस. चूक आपली झाली. आपण त्यांना वाजवा म्हणालो. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस तो. दुसऱ्याची रेघ केसभर चुकली तर त्यांना घास गोड लागत नाही. वाजवण्याचा विषयच काढू नकोस. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे: खटपट्या म्हणतो, गिटार चाळीस वर्षांची आहे, आणि तो म्हणतो म्हणजे पक्कं.

शेवटचं वाक्य गाळू नकोस, सगळं औषध त्यातच आहे. माझं बरोबर निघालेलं त्यांना तुमच्या लग्नापासून चाळीस वर्षांत एकदाही सोसलेलं नाही. जवळपास स्क्रूड्रायव्हर असू दे, पण मुद्दाम ठेवल्यासारखा नको. वय मात्र चाळीसच, तिथे मी हरायचा नाही.

ममता आहे तशीच राहो, आणि चिठ्ठी आजच लिही.

तुझा धाकटा भाऊ

दि. २८ मार्च

चि. खटपट्यास,
आज नेहमीपेक्षा जास्तच आशीर्वाद.

हरलास!

चिठ्ठी वाचून हे फक्त ‘हं’ म्हणाले. मी भाजी घेऊन आले तर जेवणाच्या टेबलावर गिटार उताणी, तारा सोडलेल्या, आणि हे टॉर्च मारून तिच्या पोटात बघताहेत. बॅटरीचं प्लॅस्टिकचं घर काढून त्यांनी मला दाखवलं. आतल्या बाजूला टिकलीएवढी, घड्याळासारखी तबकडी असते म्हणे, साच्यातच उठवलेली. तिचा बाण बनवल्याचं साल दाखवतो. ते घर कारखान्यातच बसवलेलं, कारण भोकाच्या कडेपर्यंत मूळचं वार्निश आहे. गिटार अकरा वर्षांची.

मग तुझा तो व्हॉल्यूम कंट्रोल. तो बाहेर ओढला आणि हे जे हसायला लागले! बटण घसरतं म्हणून आमच्या लग्नातल्या रेडिओच्या व्हॉल्यूमची दांडी ह्यांनीच कानस मारून सपाट केली होती. तीच दांडी! तू दोन दिवसांत दुरुस्त करतो म्हणून नेलेला रेडिओ. म्हणजे जानेवारीत तूच तो गिटारीत बसवलास आणि मार्चमध्ये त्याचं साल वाचून गिटारीचं वय ठरवलंस. वर सोल्डरही तुझंच, बोराएवढं. डोळे पुसत ह्यांनी मला तीनदा सांगितलं, आणि मी तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

आता रेडिओचा व्हॉल्यूम गिटारीत चालतो तरी का, हे तपासायला हवंच होतं. तारा चढवल्या, केबल लावली, पाय खोक्यावर. जाडी तार छेडली आणि हे एकदम खाली पायांकडे बघायला लागले, कुणी हाक मारल्यासारखे. पुन्हा छेडली. मग खुंट्या पिळत बसले, आणि मग एक अख्खी चाल वाजवली रे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी गॅस बंद केला. कुकरनं मध्ये बोलायला नको.

खालच्या मजल्यावरचे काका छताला काठीनं ठोकायला लागले. ह्यांना ती ठकठक तळपायाला लागली. वाटलं कुणी ताल धरलाय, म्हणून आणखी जोरात वाजवलं. मी खाली जाऊन माफी मागितली, पण हसू लपेना.

काल शेजारी आले, तर आत न जाता त्यांना रेडिओची गोष्ट रंगवून सांगितली. यंत्र कानात घालून.

माया आहेच, रेडिओ परत आला तर दुप्पट.

तुझी ताई

दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
हरलेल्या भावाचा सा. नमस्कार.

पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं आणि मग स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, वाईट बातमी का. मी म्हणालो, छे, माझी फजिती झाली आहे. छातीवरची मोटार कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं.

तरी नोंद असावी: आरशात ते सोल्डर मला दिसलं होतं, पण इतकं चांगलं होतं की कारखान्यातलं वाटलं. भाऊजींना बोराएवढं वाटलं तर वाटो. रेडिओचा उरलेला भाग सुखरूप आहे, तीन डब्यांत. सोबत खोक्याखाली लावायला रबराचे चार पाय पाठवतो, हेही मीच कापलेले. काकांना शांतता मिळेल, भाऊजींचा ताल मात्र जाईल. काय ते तूच ठरव.

भाऊजींना माझा नमस्कार, आणि तुम्ही दोघं माझ्यावर असेच हसत राहा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गिटार दाराआड उभी असल्याचं तुझं पत्र आलं, त्याच दुपारी वाद्यवाला माझ्याकडे आला होता. माझ्याच बढाईवर त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि गिटार परत हवी होती. तेव्हा मलाही ती चाळीस वर्षांचीच वाटत होती, आणि तिच्यावर शर्ट लटकत होता. तरी मी सांगितलं, ती भाऊजींची आहे, विकायची नाही. काल जाऊन त्याला खरं वय सांगितलं, तर ‘वाचवलंस’ म्हणत त्यानं माझे दोन्ही हात धरले. आकडा भाऊजींना कळू देऊ नकोस, वाजवताना हात कापेल. नव्वद हजार देत होता.