सातच्या पोटातली रेघ

सोमवार, दुपार

प्रिय दुभाषी,

पत्र फाडायचंच असेल तर शेवटचं पान वाचून फाड, एवढंच मागतो. फोनवर तू मला बंद करून टाकलंस ते बरंच केलंस. फोनवर मी दुसऱ्या वाक्यालाच आवाज चढवतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत! कागदावर आवाज चढत नाही, फार तर पेन रुततं. दोन जागी कागद फाटलेला दिसेल, तिथं मी चिडलो होतो असं समज.

इथं सगळं गुरुवारवर येऊन थांबलंय. गुरुवारी सभागृहात करारावर मतदान. भिंतींवर 'करार हवा' आणि 'करार नको' एकावर एक इतके चिकटलेत, की ऊन लागून वरचा कागद सुटला की भिंतच मत बदलते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं हातघाईवर आली, तेव्हा तो म्हणाला, करार होवो न होवो, वस्तरा मानेवर असताना मान हलवू नका. आमच्या घरात तर कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलतच नाहीत. जेवताना आईला सांगतात, "त्याला विचार, अजून पोळी हवी का." लहानपणी मी आणि दादानं अबोला धरला की तू मधे उभी राहून निरोप पोचवायचीस, आणि मधल्या शिव्या गाळून पोचवायचीस. तेव्हापासून तू दुभाषी. आता ते काम आईकडे आलंय, पण ती काहीच गाळत नाही.

कॉलेज का सोडलं ते तू कुणाकुणाकडून ऐकलं असशील, एकदा माझ्याकडूनही ऐक. वर्गात कराराचा विषय निघाला. सर म्हणाले, सीमेपलीकडचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा आपला अणुप्रकल्प पाहून जातील, आपले त्यांचा पाहतील, यात दोघांचंही भलं आहे. मी बाकावर उभा राहून त्यांना 'विकले गेलात' म्हणालो. सत्तर मुलांसमोर. प्राचार्यांनी माफीच्या चार ओळी लिहून मागितल्या. त्या चार ओळी लिहाव्या लागू नयेत म्हणून मी तिसरं वर्ष अर्ध्यावर टाकलं, आणि आज बघ, पानंच्या पानं लिहितोय.

मग मी करारविरोधी समितीच्या कचेरीत जायला लागलो. सह्या गोळा करायचं काम. तिथला मुख्य माणूस म्हणजे भोंगा. त्याला माईक लागत नाही, म्हणून हे नाव. त्याला लाखभर सह्यांचं अप्रूप नव्हतं, त्याला प्रकल्पाच्या कॉलनीतली सही हवी होती. म्हणायचा, "बाहेरचे शंभर ओरडले तरी वारा. आतला एक ओरडला तर बातमी." कॉलनी माझ्या पायाखालची, म्हणून मलाच धाडलं. बेचाळीस दारं वाजवली. कुणी हसून लावून घेतली, कुणी न हसता. एका आजोबांनी सगळा मजकूर चष्मा लावून वाचला, दोन चुका काढून दिल्या आणि कागद परत केला.

त्रेचाळिसावं दार तुझ्या बाबांचं. घर नंबर सत्याहत्तर.

काकांनी नेहमीसारखं "या वकीलसाहेब" म्हणून आत घेतलं. कागद वाचला, घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि चहा सांगितला. मी तावातावानं बोललो. म्हणालो, काका, ज्यांच्यावर विश्वास नाही त्यांना घरात घ्यायचं? ते म्हणाले, "अरे, विश्वास नाही म्हणूनच तर सील लावतात. विश्वास असता तर मला कुणी नोकरीवर ठेवलं असतं का?" मग त्यांनी कपाटातून एक जुनं, कापलेलं सील काढून दाखवलं. अणुइंधनाच्या पिंपाच्या झाकणाला अडकवतात ती तार आणि तिच्यावर नंबर. लहानपणी आपण त्याच्या अंगठ्या करायचो, आठवतं? त्याच टेबलावर त्यांनी मला गणित शिकवलं होतं, आणि सात लिहिताना पोटातून आडवी रेघ मारायला लावली होती. प्रकल्पात सगळे तसाच लिहितात. सीलच्या नंबरात घाईनं कुणी सातला एक वाचलं, तर पिंप फोडलंय म्हणून सगळीकडे धावपळ. माझ्या शाळेच्या वह्यांतले सगळे सात काकांचे आहेत.

कोरा कागद घेऊन मी कचेरीत परतलो. भोंगा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, सासुरवाडीचा चहा पिऊन आलास वाटतं?" सगळे हसले.

पुढचं तू टीव्हीवर पाहिलंसच. विरोधी नेत्यानं सभागृहात कागद फडकवला. ज्येष्ठ सील तंत्रज्ञ, प्रकल्प कॉलनी, घर नंबर सत्याहत्तर. म्हणाला, जो माणूस पंचवीस वर्षं पिंपांना सीलं लावतोय तोच घाबरलाय, मग आम्ही कुणाच्या भरवशावर हो म्हणायचं? कुंपणावरचे तीन सदस्य त्याच दिवशी 'करार नको'कडे झुकले, आणि तीन मतांवरच सगळं अडलंय. दुसऱ्या दिवशी काकांचा पास काढून घेतला. सरकारी कामावर असताना राजकीय कागदावर सही केली म्हणून चौकशी लागली. काका म्हणाले, सही माझी नाही. चौकशी समितीनं त्यांच्या नोंदवहीतली पानं कागदाशेजारी ठेवली. घर नंबरातले दोन सात, त्यांच्या पोटातल्या दोन रेघा. तशाच्या तशा. पलीकडे जाणाऱ्या पथकातली तुझी निवडही थांबवून ठेवली, जिचा बाप विरोधात त्या मुलीला पथकाबरोबर कसं धाडायचं म्हणून.

काल मी तुझ्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत, मला अंग चोरून आत जावं लागलं. काका खुर्चीत होते, कामाचा दिवस नसतानाही कामावरचा शर्ट घालून. पुढ्यात त्या कागदाची प्रत. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती माझ्याकडे फिरवली, पेन्सिलीचं टोक सातवर ठेवलं आणि म्हणाले, "सात अजून छान काढतोस. रेघ मात्र मी सांगितली होती त्याच्या जरा खाली येते. लहानपणापासूनची खोड तुझी." मग म्हणाले, "चहा घे."

कप मी तसाच ठेवला. मी म्हणालो, काका, पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, तर समितीला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सील तुटलेलं दिसलं की मी तेवढंच लिहितो. कोणी तोडलं आणि का तोडलं, हे ज्यानं तोडलं त्यानं सांगायचं." ओरडले असते, एक कानाखाली दिली असती, तर मीही ओरडून मोकळा झालो असतो. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, नऊ दिवस पोरीचा फोन नाही. शेवटच्या फोनवर तू विचारलंस म्हणे, "बाबा, मला जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं ना." आणि काकांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

हो, मीच. बसथांब्याच्या बाकावर बसून, कचेरीतून परत जाताना. काकांच्या नावाची एकच ओळ भरली, सहीसकट. लाखात एक ओळ कोण बघतंय असं मनाला समजावलं, त्यांना नेमकी तीच हवी होती हे माहीत असून. भोंग्याच्या टोमण्यामुळे केलं असं दोन आठवडे स्वतःला सांगत होतो, देशासाठी केलं असंही सांगून पाहिलं. खरं कारण तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. तुझ्या निवडीचं पत्र. चहा येईपर्यंत मी ते तीनदा वाचलं. करार मंजूर झाला तर पहिल्या पथकाबरोबर दुभाषी म्हणून दोन वर्षं पलीकडे. काका काचेवरून हात फिरवत म्हणाले, "बघ, आमची चिमणी कुठवर चालली." मला पुढचं ऐकूच आलं नाही. तू पलीकडची भाषा शिकायला लागलीस तेव्हाही मी असाच चिडलो होतो. म्हणालो होतो, दुश्मनाची भाषा शिकून कुणाशी गप्पा मारणार आहेस? मी कराराशी भांडत नव्हतो. तू जाऊ नयेस म्हणून भांडत होतो, आणि ते तुला सांगायची हिंमत नव्हती म्हणून सत्तर मुलांसमोर सरांना सांगितलं, भिंतींना सांगितलं, भोंग्याला सांगितलं. तुला सोडून सगळ्यांना.

तरी करार मला अजून पटत नाही, हेही लिहून ठेवतो. नाहीतर तू म्हणशील, रडून मत बदललं.

भोंग्याला सगळं कळलंय. सकाळीच म्हणाला, "गुरुवारपर्यंत तोंड शिवून बस. मतदान झालं की त्या म्हाताऱ्याकडे कोण बघतंय? तुझी ती पण कुठं जात नाही मग." त्याचा हिशेब बरोबर आहे. तीनच दिवस गप्प बसायचं. करार पडेल, पथक रद्द होईल, तू इथंच राहशील, माझ्यापासून दोन बसच्या अंतरावर. आणि जन्मभर तुला वाटत राहील, की बाबांनी समोर हसून मागून आपला पाय ओढला.

म्हणून हे पत्र. बुधवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे काकांची शेवटची सुनावणी आहे. मी पावणेअकराला तिथं असेन. कोरा कागद मागून सत्याहत्तर लिहून दाखवीन, रेघ थोडी खाली. पुढे माझ्यावर काय कारवाई होईल ते वकिलाला विचारलंय, ते तुला सांगत नाही. दुपारपर्यंत बातमी फुटेल, ते तीन सदस्य परत कुंपणावर येतील आणि गुरुवारी बहुतेक तुमचा करार मंजूर होईल. तुझी बॅग भरायला घे. पत्र आज कुरिअरनं धाडतोय, बुधवारी सकाळी वसतिगृहावर पोचेल. बातमीवाल्यांच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, आणि अकराच्या आत तुझा एक फोन घरी जावा. काका त्या खोलीत जाताना तुझा आवाज ऐकून जाऊ देत. मी काल त्यांना माफ करा म्हणालो, पण ते इतकं पुटपुटलो की त्यांना ऐकू गेलं नसणार. तेवढं तू पोचव. या वेळी काही गाळू नकोस.

तुझाच (एवढं शेवटचं लिहू दे),
तडतड्या