खुब्याला अस्तर लावता येत नाही

प्रिय बारके,

तुझे दोन्ही गाऊन बाजूंनी मोकळे करून ठेवलेत. दुपारी जावईबापू ते न्यायला येतील, तेव्हा गाऊनच्या घडीत हे पत्र घालून देते. फोन का केला नाहीस असं विचारू नकोस. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी 'पाय' म्हणेपर्यंत तुझा पाय सुरू होतो.

तर ऐक. माझाही खुबा झिजलाय, उजवा. आजचं नाही हे, दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, तेव्हा तुझ्या खोलीतल्या त्या बुटक्या स्टुलावर मी बसले आणि मला उठताच येईना. तू विचारलंस, ताई, खाली काय शोधतेस? मी म्हटलं, टाचणी पडली. तुझ्याभोवती सहा माणसं होती, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की भेटायला आलेली बाई टाचणी घेऊन कशाला येईल. खरं सांगू? त्या वेळी मला तुझा इतका हेवा वाटला की पायाचं दुखणं विसरले. जावईबापू येईल त्याला सांगत होते, 'आमच्या हिला साधा सांधा चालत नाही बरं का, हिला धातूची ॲलर्जी!' मग टायटॅनियम, मग वरचा सिरॅमिकचा गोळा, मग ॲलर्जी तपासायला पाठीवर लावलेल्या पट्ट्यांची हकीकत. बायका तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या आणि तू उशीला टेकून मधूनमधून दुरुस्त्या सुचवत होतीस. खुबासुद्धा हिचाच खास, म्हणजे कमाल झाली, असं मी घरी येऊन शिलाई मशीनला ऐकवलं. दुसरं होतं कोण ऐकायला?

ती निळ्या मण्यांची कानातली आठवतात तुला? रस्त्यावरच्या गाडीवरून बाबांनी दोघींना एकेक जोड घेतला होता. मी दहा वर्षांची, तू सात. चौथ्या दिवशी तुझ्या कानाच्या पाळ्या सुजल्या, त्यातून पाणी यायला लागलं आणि तू घर डोक्यावर घेतलंस. आईने तुला मांडीवर घेतलं. ओल्या फडक्याने ती तुझे कान टिपत राहिली आणि सारखं म्हणत राहिली, 'किती लाल झालंय गं! किती लाल झालंय माझ्या बाळाचं!' मी दारात उभी होते. माझ्याही पाळ्या तापल्या होत्या, उजवी तर तुझ्याहून जास्त. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई माझ्याकडे बघून म्हणाली, 'ही बघ, हिला काही झालं का? मोठीचं कातडं म्हशीचं आहे.' कौतुकानेच म्हणाली गं. आणि आईच्या तोंडून माझं कौतुक काही रोज निघत नव्हतं. मी वेणी सोडली आणि केस कानांवर ओढले.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या कानातली सोन्याची फुलं काढून तुझ्या कानात घातली. मोठीचं काय, तिला काहीही चालतं! ती फुलं अजून तू घालतेस. तू बोलताना मान हलवलीस की ती चमकतात, आणि मी तुझं बोलणं सोडून त्यांच्याकडे बघत असते. तुझ्या लक्षात कधी आलं नाही, बरंच झालं. मी ती निळी कानातली हट्टाने आणखी महिनाभर घातली. मग एक दिवस काढून टाकली ती कायमची, आणि कानांची भोकं बुजली. सगळ्यांना सांगितलं, मला दागिन्यांची हौसच नाही. तू चारचौघांत माझ्या साधेपणाचं कौतुक करायचीस ना, तेव्हा तुझा गळा धरावासा वाटायचा.

तेव्हापासून मी सगळ्याला अस्तर लावत आले. घड्याळाच्या पट्ट्याला आतून मलमल, हुकांच्या मागे सुती तुकडा, चष्म्याच्या काड्यांना दोरा. शिवणाच्या दुकानातल्या माझ्या कात्रीच्या मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, गिऱ्हाइकं म्हणायची, बाईंची खोड. बाकीच्या शिवणाऱ्या बायका टाचण्या ओठांत धरायच्या. मी धरल्या की ओठ फुटायचे, म्हणून मनगटावर छोटी उशी बांधायला लागले. तुझ्या ऑपरेशनच्या आधी तुझे गाऊन हुक न लावता, बंद लावून शिवले, तेव्हा तू आल्यागेल्याला सांगितलंस, ताईला कसं न सांगता सुचतं बघा! सुचेल नाही तर काय. माझ्या कपाटातले सगळे कपडे तसेच आहेत.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेले, तर नर्सने फॉर्म भरताना विचारलं, 'धातूची ॲलर्जी आहे?' माझ्या तोंडून पटकन निघालं, 'नाही, ती माझ्या बहिणीला आहे.' तिने 'नाही'वर खूण केली. इतक्या वर्षांत पाठ झालेलं उत्तर होतं ते. मग मला आत बोलावलं. सर्जन कमी बोलणारे आहेत, पण समजावून सांगतात. माझ्या हाडांचा रिपोर्ट त्यांच्यापुढे होता. हाडं विरळ झालीत म्हणे. तुला नाजूक म्हणून सगळ्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि हाडं तुझी भक्कम, माझं कातडं म्हशीचं आणि हाडं अशी! याचाही मला राग आलाय, सांगून ठेवते. तर अशा हाडात ते नव्या सांध्याचा स्टीलचा दांडा सिमेंटने बसवतात, म्हणजे लगेच पायावर भार देता येतो. त्या स्टीलमध्ये निकेल असतं, तुला सोसत नाही तेच. त्यांनी तो दांडा माझ्या हातात दिला. थंडगार, जड, गुळगुळीत. मी तो उलटासुलटा करून पाहिला. कापड कुठून घालू, टाका कुठे घेऊ, याचाच विचार हातांनी सुरू केला होता. आणि मी बोलून बसले, 'याला आतून अस्तर लावता येईल का हो?'

सर्जन हसले. मग मी हसत नाही हे बघून थांबले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळाचा पट्टा उलटा केला, मलमल बोटाने चाचपली आणि विचारलं, 'कधीपासून?' मी म्हटलं, दहा वर्षांची होते तेव्हापासून. बारके, पंचावन्न वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले, आणि तेही परक्या माणसापुढे. त्यांनी फॉर्मवरचं 'नाही' स्वतःच्या हाताने खोडलं. कातडीला धातू सोसत नाही म्हणून सांध्याला त्रास होईलच असं नाही, म्हणाले, पण आधी कळलं तर विचार करून निवडता येतं. आधी पाठीवर पट्ट्या लावून बघायचं; निकेलचं काही उठलं, तर माझ्यासाठीही टायटॅनियमचा दांडा, सिमेंटशिवाय. तो विरळ हाडात फार जपून बसवावा लागेल आणि काही आठवडे त्या पायावर पुरता भार द्यायचा नाही, वॉकर, सोबतीला माणूस. काही उठलं नाही, तर स्टीलचा दांडा आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला मोकळी.

आज सोमवार. सकाळीच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीवर पट्ट्या लावल्या. अंघोळ नाही, वाकायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. डाव्या बाजूला एका पट्टीखाली खाजतंय, की मलाच तसं वाटतंय, कळत नाही. शहाण्या बाईने काही न उठो म्हणावं. आणि मी मूर्ख, खुर्चीच्या पाठीला न टेकता ताठ बसून वाट बघतेय की उठू दे, लाल होऊ दे, चांगलं तुझ्याहून जास्त लाल होऊ दे. पाठ कोरीच निघाली तर? मग सगळ्यांच्या लेखी मी म्हशीच्या कातड्याचीच राहीन, आणि मलाही वाटायला लागेल की दारात उभ्या असलेल्या त्या मुलीला खरंच काही झालं नव्हतं.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून हे पत्र. बुधवारी दहा वाजता पट्ट्या निघणार आहेत. डॉक्टरीणबाई बघतील, पेनाने खुणा करतील, शुक्रवारी पुन्हा बघतील, ते सगळं होईल. पण तू ये. एकटीच ये. सोन्याची फुलं मुद्दाम काढून येऊ नकोस, मला आता त्यांचं काही वाटत नाही. खोटं बोलले, वाटतं. तरी घालूनच ये. माझ्या मागे उभी राहा. काही उठलं नसेल, तर काही बोलू नकोस, नुसते माझ्या गाऊनचे बंद बांध. उठलं असेल, तर मला धीर देऊ नकोस आणि तुझ्या पट्ट्यांची गोष्ट काढू नकोस. आई तुला म्हणत होती ना, तेवढंच म्हण, एकदाच. किती लाल झालंय गं.

तुझीच,
म्हशीच्या कातड्याची ताई