माझे कान आणि टिन बायसन्स

१ मार्च
संकल्प. रेकॉर्डवरून कुणावरही हात उचलायचा नाही. परवा सुजितला फेकून मारली ती चप्पल शेवटची. तसा तो जिवलग. आमच्याच कंपनीत टूलरूमला आहे आणि मोशीपासून चाकणपर्यंत जुन्या एलपी रेकॉर्ड जमवणारे आम्ही दोघंच. पण 'मार्मलेड क्लिनिक'ला तो चांगला सायकेडेलिक अल्बम म्हणाला. ज्यांच्या सतारवाल्याची बोटं आमच्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसखाली ठेवायला हवीत, त्यांना चांगलं म्हणाला. चप्पल कमीच झाली.

४ मार्च
कंपनीत सेफ्टी वीक. सेफ्टीच्या प्राजक्ता मॅडमनी सगळ्या लाइनसमोर झापलं. ज्योतीराम, प्रेसवर उभे राहता आणि कानात प्लग का नाहीत? ते नारिंगी दोरीवाले. मॅडमना काय सांगणार? मी ऐकतो ते गॅरेज रॉक म्हणजे लोखंडावर लोखंड. इतकी वर्षं प्रेसचा दणका उघड्या कानांनी झेलला म्हणून तर हे कान तयार झाले. पैलवान तालमीत उशी घेऊन उतरतो का?
प्लग खिशात टाकले.

८ मार्च, रविवार, दुपार
टिन बायसन्स. ओहायोच्या पाच टवाळ पोरांनी एका गॅरेजमध्ये केलेला एकुलता एक अल्बम, १९६६ सालचं मूळ प्रेसिंग, म्हणजे तेव्हाच छापलेली रेकॉर्ड. भारतात दुसरं असेल तर मी मिशी उतरवीन. पहिल्या बाजूच्या शेवटी गायक किंकाळी फोडतो. पूर्वी ती ऐकली की दात शिवशिवायचे, कुणाला तरी गुद्दा मारावासा वाटायचा. आता तीच किंकाळी मऊ लागते. नव्या सुईची कमाल. शिवाय चांगला माल मुरतो, लोणचं नाही का मुरत? आवाज जरा वाढवावा लागला, एवढंच.
खालच्या मजल्यावरचा रणजीत व्हीलपाना घेऊन वर आला. मूळ मोशी गावातला, नाइट शिफ्टवाला, दिवसा झोपतो. आमच्या लोखंडी दाराला पोचा पाडून म्हणाला, "परत आवाज आला तर गाणं न्हाई, तुला वाजवीन."
मी त्याची गचांडी धरणारच होतो. संकल्प आठवला. शिवाय पाना मोठा होता.

११ मार्च
कामावर दिवसभर रणजीतला मनातल्या मनात तुडवला. बरं वाटलं. घरी वर्षालीची कटकट. कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपला तरी तुम्ही शेजारी ढिम्म, एकदा कान दाखवून या. बायकोला कसं समजावणार? शिट्टी ही काय ऐकायची गोष्ट आहे? मी निवडक ऐकतो.

१५ मार्च, रविवार
सुजितने टिन बायसन्सची नवी छापलेली कॉपी मागवली. वर म्हणतो, किंकाळी अगदी मूळच्यासारखी कापत जाते, फरकच कळत नाही. मी त्याचं नरडं धरलं. लगेच सोडलं, त्यामुळे संकल्प मोडला असं धरत नाही.
पैज लागली. पुढच्या रविवारी मी डोळ्यांवर टॉवेल बांधून दोन्ही ऐकायच्या आणि मूळ कुठली ते सांगायचं. चुकलो तर मूळ रेकॉर्ड सुजितची. बिचारा. त्याला हरताना बघायला जिवावर येणार आहे.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळ
डाव्या हाताने लिहितोय. उजवा सुजला आहे.
टॉवेल बांधला. वर्षालीने पहिली रेकॉर्ड लावली. ढोल ठीक, बेस ठीक, किंकाळीच्या जागी नुसती गुरगुर. मग दुसरी लावली. तिथेही गुरगुर, पण पहिली जास्त मुर्दाड. म्हणजे नकली पहिलीच. डोकं फिरलं. ती टीपॉयवर काढून ठेवलेली होती. टॉवेल न काढताच चाचपून उचलली आणि समोर बसलेल्या सुजितच्या टाळक्यात घातली. दोन तुकडे झाले.
तो अंगावर आला. टीपॉय मोडला, माझा दात हलला. तेवढ्यात रणजीत पाना घेऊन आला आणि कोण कुणाला मारतंय हे न विचारता दोघांनाही बडवून गेला.
टॉवेल सुटला तेव्हा तुकड्यांवरचं लेबल दिसलं. किरमिजी. नव्या कॉपीचं पांढरं असतं.
सुजित कपाळाचं रक्त पुसायचं सोडून ते तुकडे जुळवत बसला होता. रडत होता. अगदी जवळ येऊन म्हणाला, "ज्योत्या, ती किंकाळी तुला ऐकूच आली नाही का रे?"
मी पाणी आणायला आत गेलो.

२३ मार्च
सुजितच्या कपाळाला टाके पडले. फोन उचलत नाही. शांतपणे विचार केल्यावर दोष मूळ प्रेसिंगमध्येच होता हे लक्षात आलं. साठ वर्षांचा माल, खराब होणारच.

२७ मार्च
कंपनीचं वार्षिक मेडिकल. कानांवर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. आधी दाबत होतो. मग मशीन बंद पडलं. मी समजूतदारपणे वाट बघत बसलो. डॉक्टरांनी हेडफोन काढून सांगितलं की मशीन चालूच होतं.
वरचे सूर गेलेत म्हणे. परत येत नाहीत.
प्राजक्ता मॅडम दारातच होत्या. झापलं नाही त्यांनी. झापलं असतं तर बरं झालं असतं. बसमध्ये खूप वाईट वाटत राहिलं, रेकॉर्डचंही आणि सुजितचंही.

३० मार्च
आज पहिल्यांदा दोन्ही कानांत प्लग घालून प्रेसवर उभा राहिलो. सुजित कपाळाला पट्टी बांधून समोरून गेला. तोंड हललं, शिवीच दिली असणार. तरी मी हात केला.
प्रेस आदळत होता. जेवढा रोज ऐकू येतो तेवढाच.
प्लग लोकल माल दिसतो. उद्या मॅडमकडे तक्रार करतो.