तिरप्या आळीतल्या पाट्या

जव्हार,
१९ फेब्रुवारी

ती. रंजनाताईस,
तुषारचा शि. सा. न. वि. वि.

पंढरीच्या जीपने पत्र पाठवतोय. तुमच्या सूर्यमाळचा टॉवर अजून मुकाच आहे असं तोच सांगत होता. फोन करायचा तर तुला टेकाडावर चढावं लागतं, आणि वर पोचलीस की धापा टाकत मलाच शिव्या घालतेस. त्यापेक्षा पत्र बरं, शिव्या निदान दुसऱ्या दिवशी मिळतात.

तुझी लेक मजेत आहे. कॉलेजच्या हॉस्टेलात जागा मिळाली नाही म्हणून केवढी रडली होतीस! आता येऊन बघ. हमीदाबीच्या दुकानाच्या माळ्यावर राज्य करतेय. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शिलाई मशीन. गेल्या आठवड्यात तिने पहिला ब्लाउज एकटीने शिवला आणि हमीदाबीने तो आळीभर दाखवत फिरवला. हमीदाबीची स्वतःची पोरगी लग्न होऊन सिल्व्हासाला गेली, तिच्या वाटणीचं सगळं तेल सध्या प्रतिक्षाच्या डोक्यावर जिरतंय.

माझंही बरं चाललंय. सगळीकडे ते छापील फ्लेक्स आले, पण आपल्या तिरप्या आळीला अजून ब्रशचीच पाटी लागते. गुजराती भुसारवाला वरती मराठी आणि खाली गुजराती मागतो, केरळवाल्या बेकरीवर तीन भाषा आणि एक नारळ, जौनपूरच्या सलूनवाल्याला हिंदी हवी आणि शेजारी सिनेमातला हिरो. हमीदाबीच्या पाटीवर ‘झीनत लेडीज टेलर्स’ मराठीत, गुजरातीत आणि उर्दूत. मला उर्दू कुठलं यायला? तिने कागदावर लिहून दिलं, मी बोहाड्याच्या सोंगांच्या मुखवट्यावर नक्षी काढावी तसं उजवीकडून काढत गेलो. वाचणारे म्हणतात, अक्षर झकास आहे. काय लिहिलंय ते मात्र त्यांनाच ठाऊक!

परवा एक नवीनच काम मिळालं. मोटारसायकलवर दोघे आले, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. पाट्यांची पाहणी चाललीय म्हणाले. ते पुढे चालायचे, हनुवटीने पाटी दाखवायचे, आणि मी तिच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा पांढरा ठिपका द्यायचा. एवढंच. हमीदाबीच्या पाटीला ठिपका देताना तिनेच माझी शिडी धरली होती. आपल्या बुधाच्या कोंबडीच्या दुकानाला त्यांनी ठिपका सांगितला नाही, तर बुधा रुसून बसला. सरकारी काही मिळणार असेल तर मला का वगळलं, म्हणून माझ्याशी बोलत नाही.

शिमग्याला दोघंही येतो. नागलीच्या भाकरी जास्त टाक.

लोभ असावा, राग थोडा कमी असावा.

तुझा,
तुषार


सूर्यमाळ,
२१ फेब्रुवारी

चि. तुषार यास,
ताईचा आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

आईला पत्र लिहायला प्रतिक्षाचे हात मोडलेत का? ब्लाउज शिवता येतो, चार ओळी लिहिता येत नाहीत. सांग तिला.

इथे विहिरीने आत्ताच तळ दाखवायला सुरुवात केलीय. अंगणवाडीत पोरं सकाळी येतात ती आधी पाणी मागतात, मग खाऊ. धाकली मावशी गुडघ्याने बेजार आहे, पण शिमग्याची लाकडं कुठून आणायची यावर सगळ्यांशी भांडतेय. म्हणजे तब्येत ठीक आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ते ठिपक्याचं काम मला आवडलं नाही. तुला आठवायचं नाही, तू तेव्हा कडेवर होतास. बाबा जंगलखात्याच्या कुपावर, झाडतोडीच्या कामाला जायचा. गार्ड पुढे काठीने झाड दाखवत चालायचा आणि मागून बाबा डांबराचा डबा घेऊन. दाखवलेल्या झाडाला एक पट्टा. मी भाकरी घेऊन जायचे, तर मला गंमत वाटायची की बाबा झाडांना कडदोरे बांधतोय. सगळीकडे शांत. पाखरं होती तिथेच. पुढे दिवाळीनंतर कुऱ्हाडी आल्या आणि ज्यांना कडदोरा होता तेवढीच झाडं गेली.

बाबा रे, पाट्यांची पाहणी करायची तर माणूस वहीत लिहितो. पाटीवर खूण कशाला? आणि बुधाला का नाही? बुधाची पाटी नुसती मराठी आहे, एवढाच फरक मला इथे डोंगरावर बसून दिसतो. तुला तिथे शिडीवर चढून दिसला नाही?

त्या माणसांना विचार, ते कोणाचे आणि पुढे काय करणार. नीट विचार, हसत हसत नको.

माया आहेच, ती सांगायला लागत नाही.

तुझी ताई,
रंजना


जव्हार,
१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आणि तुझी झाडं! पत्र वाचून हसू आलं, मग नाही आलं.

त्यांना विचारलं. ते म्हणाले, तू पेंटर आहेस ना, मग रंगाचं बघ. जास्त विचारलं नाही. आपण बरं आणि आपलं काम बरं.

पण तुझ्यापासून काय लपवू? भुसारवाल्याच्या पाटीवरची गुजराती अक्षरं कोणीतरी काळ्या ऑइलने पुसून टाकली. तो म्हणाला पोरांचा चावटपणा असेल, आणि मलाच परत लिहायला बोलावलं. मी ब्रश काढला तर म्हणाला, राहू दे, सध्या नुसतं मराठी कर. बेकरीच्या काचेवर दगड आला. केरळवाला काचेला पुठ्ठा लावून पाव विकतोय. सलूनवाला गावी लग्न आहे म्हणून निघून गेला. ऐन शिमग्याच्या तोंडावर कोण सलून बंद करतं? जाताना आरसेसुद्धा काढून घेऊन गेला.

आळीत आता कोणी फार बोलत नाही. संध्याकाळी लवकर शटर पडतात. मी चहाला गेलो की बाकावरची माणसं सरकून जागा देतात, आणि मग एकेक करून उठतात. बुधाने मात्र बोलणं सुरू केलंय. मला ठिपका दिला नाहीस ते फार उपकार केलेस म्हणून कोंबडीचं अर्धं काळीज फुकट देत होता. मी घेतलं नाही.

पण ताई, दगड मी मारला नाही, ऑइल मी फासलं नाही. बाबाच म्हणायचा ना, खूण करणारा वेगळा आणि तोडणारा वेगळा, दोष लागतो तो कुऱ्हाडीला. आपल्याकडे सगळे हेच म्हणतात. म्हणून तर पट्टा मारणारा माणूस कधी कुऱ्हाड हातात घेत नाही. मीही फक्त खूण केली. सांगितलेलं काम केलं.

प्रतिक्षा ठीक आहे. हमीदाबीच्या दुकानाला अजून कोणी हात लावलेला नाही. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
तुषार


सूर्यमाळ,
३ मार्च

तुषार,

आज आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

‘अजून’ हात लावलेला नाही, असं लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही? माझी पोरगी त्या पाटीखाली झोपते.

बाबाचं बोलणं मला शिकवू नकोस. तो तसं म्हणायचा, सगळे पट्टेवाले तसं म्हणायचे, रात्री झोप लागावी म्हणून. पण ज्या झाडाला त्याने पट्टा मारला त्या झाडाच्या सावलीत तो कधी बसला नाही. मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा तो भर उन्हात बसलेला असायचा. मी सावलीत ये म्हटलं की डाफरायचा. आणि ती तर झाडं होती! झाडाने शिडी धरली नव्हती तुझी.

लाज वाटते मला तुझी. लिहायला नको होतं, पण वाटते. करून सवरून नामानिराळा राहायला तू कधी शिकलास? जा, रॉकेल घे, फडकं घे आणि तुझ्या हाताने दिलेला एकेक ठिपका तुझ्याच हाताने पूस. भरदिवसा पूस. आणि पुसताना ज्याच्या त्याच्या तोंडावर सांग की हा मी दिला होता.

आणि प्रतिक्षाला पंढरीच्या जीपमध्ये बसव. परीक्षा गेली चुलीत.

आता आशीर्वाद. सांभाळ रे. तुझीही भीती वाटते मला.

ताई


जव्हार,
७ मार्च

ती. आईस,
प्रतिक्षाचा नमस्कार.

आई, मामाने निरोप दिला, पण मी येत नाही. रागावू नकोस. माझं प्रॅक्टिकल दहा तारखेला आहे, ते एक कारण. दुसरं कारण असं की हमीदाबी, म्हणजे माझी खाला, मी तिला मावशीच मानते, ती एकटी आहे. तिची पोरगी ये म्हणतेय, पण ती दुकान सोडून जायला तयार नाही. मला मात्र रोज जा म्हणते. काल तर माझी पिशवी तिने स्वतः भरून दारात ठेवली. मी ती परत माळ्यावर नेली.

परवा ते मोटारसायकलवाले दोघे दुकानात आले होते. खालाने काही बोलायच्या आत मला नाव विचारलं, गाव विचारलं. सूर्यमाळ म्हटल्यावर हसले. म्हणाले, अगं मग तू तर आपलीच, तू इथे काय करतेस? बारा तारखेला बाजार बंद आहे, त्या दिवशी इथे थांबू नकोस. अगदी मोठ्या भावासारखे बोलले गं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते गेल्यावर खाला सुईत दोरा ओवत होती, तो तिला ओवता येईना. मी ओवून दिला.

मामाशी मी बोलत नाही. ठिपके कोणी दिले ते मला दुसऱ्यांकडून कळलं. खालाला मीच सांगितलं. सांगायला नको होतं का?

पाण्याला जाताना धाकल्या मावशीला नेऊ नकोस. माझी काळजी कर, पण थोडीच.

तुझी,
प्रतिक्षा


जव्हार,
११ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

तू सांगितलंस तसं केलं. काल भरदिवसा शिडी घेऊन निघालो. ऑइलपेंट वाळलेला, रॉकेलने सुटेना, शेवटी टर्पेंटाइन घेतलं आणि पत्र्यापर्यंत घासलं. प्रत्येकाला सांगितलं की हा ठिपका माझा होता. भुसारवाला नुसता आत गेला. केरळवाल्याने पाणी प्यायला दिलं, त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं. बंद सलूनच्या पाटीवरचाही पुसला, तिथे ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्याने सांगितलं.

मग हमीदाबीकडे आलो. तिने शिडी टेकवू दिली नाही. भांडली नाही गं. शांतपणे म्हणाली की हा राहू दे. पाटी तिने माझ्याकडून हौसेने करून घेतली होती, तर मी काय लिहिलं ते सगळं लोकांना वाचू दे. मी हात जोडले, प्रतिक्षाला मध्ये घातलं. प्रतिक्षा म्हणाली, खालाची पाटी आहे, खाला म्हणेल तसं. मला वाटलं राग निवळेल, उद्या पुसू. म्हणून निघून आलो. ताई, तिथेच चुकलो. सगळ्या आळीत आता एकच ठिपका राहिला.

आज दुपारी ते मोटारसायकलवरून आले. सावकाश, सगळ्या पाट्या बघत. मी हमीदाबीच्या पायरीपाशी उभा होतो, पुन्हा विनवायला आलो होतो. हमीदाबी आणि प्रतिक्षा दारात. मला वाटलं आता मार बसणार, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण मागे बसलेला उतरला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी जुन्या ओळखीचा असल्यासारखा. म्हणाला, शाब्बास पेंटर, आम्हालाही एवढ्या सगळ्यांना उद्या एका दिवसात पुरं पडणं कठीणच होतं. एकच ठेवलास ते बरं केलंस. एक पुरे आहे.

मी ओरडून सांगायला हवं होतं की तसं नाही. गाडी वळली, जाताना त्याने हात केला. आणि ताई, सवयीने माझाही हात वर गेला.

हमीदाबीने ते पाहिलं. मला म्हणाली, भाऊ, आता तू घरी जा. मी शिडीकडे धावलो, म्हटलं आत्ता पुसतो, जबरदस्तीने पुसतो. ते कोपऱ्यावर चहा पीत उभे होते, तिथून बघत होते. आता पुसून काही उपयोग नाही हे मलाही कळत होतं. दुकान त्यांच्या लक्षात राहिलंय. मी प्रतिक्षाला हाक मारली, माझ्याबरोबर चल म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण पाड्यावर आलेल्या परक्या माणसाकडे बघतो. मग तिने आतून शटर ओढून घेतलं.

मी हाका मारल्या, शटर वाजवलं. आत मशीन चालू झाल्याचा आवाज आला.

पंढरी शेवटची फेरी घेऊन निघतोय, त्याला हात जोडून थांबवलंय. तो म्हणतो पहाटे तुला घेऊन परत येईल, बंद असला तरी आळीच्या तोंडापर्यंत आणून सोडेल. मी रात्रभर इथेच पायरीवर बसतोय. उद्या ते आले की मला त्यांचाच समजतील, आणि आतल्या दोघीही तेच समजतात. माझ्या हाकेला हे शटर उघडायचं नाही. तुझ्या हाकेला उघडेल. ये.

लोभ मागायला तोंड नाही.

तुषार