डिस्कला तेल

५ फेब्रु., गुरु.
गाडी आठवडाभर कण्हतेय. ब्रेक दाबला की करवत चालल्यासारखा आवाज. सूनबाई, वैशाली, हीच गाडी रोज इच्छापोरला नेते, कारखान्यात माल तपासायला. संध्याकाळी किल्ली ठेवत म्हणाली, "बाबा, पॅड संपलेत. जिग्नेश मेकॅनिक म्हणतो डिस्कपण गेल्यात. त्याच्याकडे टाकते."
म्हणालो, मी बदलतो.
सौ. पोळी लाटता लाटता : "हाई काय नवीन काढं आते?"
चाळीस वर्षं लूमच्या खात्यात फिटर होतो मी. हे तर चार बोल्टांचं काम. वैशाली एवढंच म्हणाली, "ब्रेकवर पाय माझा असतो, बाबा."
खरंय. तिचा पाय माझ्या हातावर विसंबेल का, एवढाच प्रश्न. हो म्हणाली. म्हणजे, नाही म्हणाली नाही.

६ शुक्र.
पर्वत पाटियाच्या बाजारात जाऊन पॅड आणि डिस्क आणल्या. उघडून खिडकीत ठेवल्या, ऊन आलं, खोलीत दोन चंद्र. बघत बसलो. सौ. : "उचला, पापड वाळत घालायचेत."

७ शनि.
वैशाली बसने गेली. आठला सुरुवात. जॅक, खाली लाकडी ठोकळा. जुनं पॅड पोस्टकार्डाइतकं उरलेलं. पॅड धरणारा कॅलिपर दोरीने वर टांगला, नळीवर भार नको. डिस्क गंजून घट्ट बसलेली. हातोडी मारताना सहावीतल्या गुरुजींचा कविता शिकवतानाचा बाकावरचा ठेका आपोआप हातात आला. कवितेचं दुसरं कडवं संपता संपता सुटली. काय आनंद!
दोनपर्यंत दोन्ही बाजू झाल्या. चाकं चढवण्याआधी नव्या डिस्कवर तेलाचा हात फिरवला. कोरडं लोखंड बघवत नाही.
मग पेडल दाबदाबून घट्ट केलं, गल्लीत काढली, ब्रेक दाबला. गाडी चालतच राहिली, नवरदेवाच्या घोडीसारखी, सावकाश. हँडब्रेक ओढला. वॉचमन वेळेत उठला. त्याची खुर्ची नाही उठली.

८ रवि.
वैशालीने जिग्नेशला बोलावलं. त्याने डिस्कवर बोट फिरवलं, हुंगलं. "काका, आ लूम नथी." हा लूम नाही म्हणे. मग फरशीवर बसून हसला. मीही हसलो. वैशाली नाही.
"तेल का लावलंत, बाबा?"
"सवय."
डिस्क धुता येतील, जिग्नेश म्हणाला. पॅड तेल प्यायलेत, फेकायचे. कोरडं राहूनच जे कामाला येतं असं काही माझ्या हाताखालून कधी गेलंच नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी नवा धडा, आणि शिकवणारा फरशीवर बसून हसतोय. शाळेतच आल्यासारखं वाटलं.
वैशाली : "कंपनीत असा माल आला तर मी परत पाठवते."
"आणि दुरुस्त करून पुन्हा आणला तर?"
"तर पुन्हा तपासते."

११ बुध.
नवे पॅड आणले. जिग्नेशने धुवायचा स्प्रे दिला आणि एक मापाचा पाना. नट ठरल्याइतका आवळला की टक् करतो. दिवसभर उगाच टक् टक्. सौ.ने पाना कपाटात ठेवला.

१५ रवि.
महाशिवरात्र. खिचडी खाऊन कामाला. वैशाली समोर स्टूल टाकून, हातात यादी. "आधी हात दाखवा." दाखवले, पुढून मागून. डिस्क पुसली, पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत. तिने पुन्हा पुसून पाहिली.
नट आवळताना तोंडात कविता आलीच.
"कविता नंतर, बाबा. नट आधी."
"दोन्ही एकदम जमतं."
ओळ संपली की टक्. चौथ्या नटाला तिच्याही पायाने ठेका धरलेला. पाहिलं मी.
आधी मी गल्लीत चालवली. थांबली. मग तिने दहा वेळा. दहाही वेळा थांबली. यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

१६ सोम.
इच्छापोर, बसस्टॉपवर लिहितोय.
सकाळी वैशाली किल्ली घेऊन दारात. "बसा बाबा."
"मी कुठे?"
"बाजूला. ब्रेक तुमचे आहेत ना."
चप्पल कुठली घातली तेही बघितलं नाही. एक वैशालीचीच निघाली... असो. हजिरा रोडला एक ट्रेलर आडवा घुसला. तिने दाबला. गाडी जागच्या जागी. मी डोळे उघडले तर ती माझ्या पायाकडे बघत होती.
"बाबा, तुमच्याकडे पेडल नाहीये."
उजवा पाय मी गाडीच्या तळाशी रुतवलेला. ती इतकी हसली की मागचा हॉर्न वाजवायला लागला.
कंपनीच्या गेटात उतरताना म्हणाली, "मागच्या ब्रेकचे ड्रमपण उघडून बघायला हवेत एकदा."
कोणी, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही.
आत्ता घरी जायची बस येऊन गेली. सोडली. इथे ऊन छान आहे.