धोंड्याच्या डब्यातलं बेअरिंग

देगलूर, मंगळवार

चि. जावईबापू बजरंगराव यांना शेषेरावाचे पोटभर आशीर्वाद. आपण आणि सुकन्या लातूरला सुखरूप पोचल्याचं कळलं. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना गुरुवारी माहूरला देवीच्या दर्शनाला न्यायचं आहे, त्याआधी आपली गाडी दारात उभी करीन, हा माझा शब्द आहे आणि तो मी विसरलेलो नाही. (कालपासून दुसरं काही आठवतच नाही.)

तर गाडीविषयी. आपण अधिकमासाचे धोंडे खायला आलात, गाडी अंगणात शिरली, तेव्हाच मी ओळखलं : पुढचं डावं चाक गिरणीसारखं घरघरतंय, बेअरिंग गेलंय. आपण गॅरेजचं नाव काढलंत. जावयाची गाडी आणि गॅरेजला? माझ्या हयातीत होणे नाही. (मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, त्यामुळे कुणाच्या चुकाही माझ्यात आलेल्या नाहीत.)

नवं बेअरिंग नांदेडहून मागवलं आणि रात्री स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं. त्यामागं शास्त्र आहे. गारठलं की लोखंड केसभर आकसतं, आणि ते बसवायची बैठक तापवली की केसभर फुगते. मग ठोकाठोकी लागत नाही. आपल्या सासूबाईंचं वेगळंच : "माणसं उकाड्यानं मरून राहिलीत अन् हे लोखंडाला गारवा देऊन राहिलेत!" फ्रीजरमध्ये शेजारी तसाच दुसरा डबा होता, आपल्याबरोबर द्यायच्या उरलेल्या धोंड्यांचा, हे मला सांगायची गरज मात्र कुणाला वाटली नाही.

काल आपण एसटीत बसलात आणि मी चाक उघडलं. जुनं बेअरिंग दुपारपर्यंत ठोकून, तुकड्यातुकड्यानं काढलं. बैठक तापवली. इथं क्षण दवडायचा नसतो. हात लांब केला, हिनं डबा दिला, झाकण उघडलं, तर आत पुरणाचे धोंडे, गोठून टणक. शेजारचे खाजामियाँ कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "क्या शेषेराव भाई, चक्के में धोंडा बिठाते क्या?" (आकार जवळपास बरोबर होता.)

म्हणजे बेअरिंग आपल्याकडे आहे. ही म्हणते, सुकन्येनं डबा विहीणबाईंना दिला असेल आणि त्यांनी न उघडताच देवापुढं ठेवला असेल. हरकत नाही. हळदकुंकू लागलं असल्यास कोरड्या फडक्यानं पुसावं, धुऊ नये (आतलं ग्रीस जातं).

विहीणबाईंना दंडवत.

आपला,
शेषेराव

ता. क. : पत्र आणणारे खाजामियाँच आहेत, कापड घ्यायला लातूरला आलेत. संध्याकाळी परततील, बेअरिंग त्यांच्या हाती द्यावं. काल त्यांनी दुसरीकडून जॅक लावून उजवं चाक फिरवलं आणि आवाज इकडचा आहे म्हणाले. मला पटलं नाही. तरी खात्री असावी म्हणून तेही उघडलंय. तेव्हा उजव्या बाजूचंही एक बेअरिंग तिथूनच घेऊन द्यावं, आणि गुरुवारसाठी जीप सांगून ठेवावी.

पुन्हा ता. क. : एसटीत चढताना सुकन्या मला हळूच म्हणाली होती, "बाबा, गुरुवारपर्यंत गाडी आली न्हाई, तर पुढच्या धोंड्याला आम्ही यायचो न्हाई." पुढचा धोंड्याचा महिना आता तीन वर्षांनी. तेवढ्यात गाडी होऊन जाईल.